भगवंतरावांचे आठ खांब

कडूबाच्या बैलगाडीचं चाक भगवंतरावांच्या दुकानाच्या ओट्यावर चढलं, खाली आलं, आणि येताना शहाबादी फरशीचा वीतभर तुकडा सोबत घेऊन आलं. त्या मोसमातला हा तिसरा. भगवंतराव गादीवरून उठले, धोतराचा सोगा सावरत बाहेर आले आणि जवळच्या नातेवाइकाचं काही बरंवाईट झाल्यासारखे त्या तुकड्याकडे पाहत राहिले.

"डोये फुटले काय बे तुहे? एवढा मोठा ओटा दिसत नाई?"

"दिसते न, मालक," कडूबा गाडीवरून न उतरता म्हणाला. "पण मांगच्या साली एवढा पुढी नव्हता. बैलाईले जुनाच ओटा ठाऊक हाय."

यात तथ्य होतं, म्हणून भगवंतरावांना जास्तच राग आला. दर दिवाळीला रंगरंगोटीच्या निमित्तानं त्यांचा ओटा हातभर पुढे सरकत असे. नाली केव्हाच त्याच्या पोटात गेली होती आणि आता तो नांदुऱ्याच्या भर बाजाररस्त्यात पाय पसरून बसला होता. महाराष्ट्र राज्य होऊन तीन वर्षं झाली होती. नव्या राज्याची हद्द बरीचशी ठरली होती, भगवंतरावांच्या ओट्याची मात्र ठरत नव्हती. कापसाच्या दिवसांत त्या रस्त्यावरून जिनिंगकडे गाड्यांची रांग लागे आणि दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीचं चाक ओट्यावर जायचंच.

भगवंतरावांच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं होती, मुंबई पाहिलेली आणि न पाहिलेली. नांदुऱ्याच्या कापडलाइनीत पहिल्या प्रकारचे ते एकटेच. समोरचा मोतीरामही एकदा मुंबईला जाऊन आला होता, पण तो मूळव्याधीच्या ऑपरेशनसाठी. ते भगवंतराव धरत नसत. त्यांनी स्वतः मात्र तिथल्या मोठ्या पेढ्या पाहिल्या होत्या, आणि पेढ्यांपुढे रोवलेले लोखंडी खांबही. गाडी येवो, मोटार येवो, खांबाला टेकून थांबणार. पेढीला ओरखडा नाही.

"खांब रोवतो," त्यांनी घरात येऊन जाहीर केलं. घर दुकानाच्या मागेच होतं. "आठ खांब. मुंबईत असतात तसे. मंग पाह्यतो कोनाची गाडी वर येते ते."

"गाड्या तुमी अडवान हो," अन्नपूर्णाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "पण सगळेच गिऱ्हाईक काही पायानं येत नाई."

"तुले काय समजते त्यातलं? मुंबईले गेली हायेस काय कधी?"

त्या गेल्या नव्हत्या. नेणार कोण होतं? वाद तिथेच संपला.

पौष महिना होता. पौषात लग्नं नाहीत, त्यामुळे कापडवाल्याला माशा मारायला भरपूर वेळ असतो. भगवंतरावांनी स्टेशनाजवळच्या भंगारवाल्याकडून जुन्या रुळांचे तुकडे आणले. सिमेंट तेव्हा परवान्यावर मिळे. त्यांनी अर्जात 'संडास बांधणेकामी' असं लिहून ते मिळवलं. कचरू गवंडी फावडं-टिकास घेऊन हजर झाला आणि ओट्यापासून दोन हात सोडून खड्डे मारू लागला.

"किती खोल गाडू, मालक?"

"प्रलय आला तरी हालला नाई पायजे."

"मंग काढाचं काम पडलं तर?"

"काढाले काय मी येडा हाओ?"

या प्रश्नाचं उत्तर देण्याचे कचरूला पैसे मिळत नव्हते, म्हणून त्यानं पुन्हा टिकास उचललं. आठ खांब उभे राहिले. कमरेएवढे उंच, दीड-दीड हाताच्या अंतरानं, वरून काळेपांढरे पट्टे. भगवंतराव रस्त्याच्या पलीकडे, मुद्दाम मोतीरामच्या दुकानापुढे जाऊन उभे राहिले आणि तिथून आपल्या दुकानाकडे बघत म्हणाले, "मुंबईच वाटते."

पहिल्याच बाजाराच्या दिवशी त्या मुंबईला सोळा बैल बांधलेले होते. खेड्यातून आलेल्या माणसाला बाजारात उभं लोखंड दिसलं, तेही बैल बांधायच्या उंचीचं, तर तो आणखी काय करणार? भगवंतराव दुकान उघडायला आले तेव्हा बैल रवंथ करत होते, आणि बैल जे जे करतात ते सगळं ओट्याच्या पायरीशी झालेलं होतं.

"मालक, लय पुण्याचं काम केलं तुमी," कडूबानं हात जोडले. "बैलाईची सोय पाहनारा व्यापारी आजलोक भेटला नव्हता."

भगवंतराव इतके ओरडले की दोन बैल दाव्यासकट मागे सरले. अखेर त्यांनी कायदा केला, जो दुकानात खरेदी करील त्याचेच बैल खांबाला राहतील. कडूबानं लगेच चार आण्यांची एक दस्ती, म्हणजे हातरुमाल, घेतली. पुढच्या बाजारी बैल बांधले आणि तीच दस्ती दाखवली. त्याच्या पुढच्या बाजारीही. आता दस्तीला भोकं पडली होती, पण ती भगवंतरावांच्याच दुकानातली होती हे त्यांना नाकारता येईना. तरी ओटा शाबूत होता. शेण काय, उचलता येतं. फरशी फुटली की फुटली, असं म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली.

पौष सरला आणि लग्नसराई उघडली. कापडवाल्याचं वर्ष या तीन महिन्यांवर चालतं. त्यातही बस्त्यांवर, म्हणजे लग्नघरची सगळी मंडळी एकत्र येऊन एकाच दुकानात जी दिवसभराची खरेदी करतात तिच्यावर. वर्षाला मोठ्या घरचे दहा-अकरा बस्ते आले की भगवंतराव निवांत, आणि नाही आले तर पुढच्या माघापर्यंत दस्त्या विकायच्या. पहिला बस्ता दरसालप्रमाणे निमगावच्या पाटलांचा होता. चार दमण्या घुंगरं वाजवत आल्या, आणि पहिल्या दमणीच्या गाडीवानानं सवयीप्रमाणे बैल वळवून गाडीची मागची बाजू ओट्याला लावायला घेतली. ती खांबांवर खट्‌कन आपटली.

तेव्हा भगवंतरावांना एक गोष्ट आठवली. ती त्यांना वीस वर्षांपासून माहीत होती. पाटलांच्या घरच्या बाया बाजाराच्या रस्त्याला पाय लावत नसत. पडदा बांधलेली दमणी मागे घेत घेत ओट्याला भिडवायची, पडदा वर करायचा, आणि बायांनी दमणीतून थेट ओट्यावर यायचं, ही रीत होती. मोठ्या घरच्या सगळ्यांचीच होती. ओट्याचे कोपरे नेमके का आणि कोणाच्या गाड्यांनी झिजले, याचा विचार हा गृहस्थ कधी करता तर आठ खड्डे वाचले असते. पण खांब रोवताना त्याला ओटा आठवला, गिऱ्हाईक आठवलं नाही.

पडद्याआडून रुक्मिणीबाईंचा आवाज आला. पाटलांच्या त्या थोरल्या सूनबाई, वय साठ, घरात पाटलांपेक्षा त्यांचंच चाले. "भगवंतराव, हे काय पेरलं दारात?"

"खांब हायेत, बाई. मुंबईत मोठ्या पेढ्याईपुढी असतात. आपन जरा उतरून चार पावलं..."

"मुंबईच्या बायाईले चालता येत असंन. मले येत नाई," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "गाडीवान, मोतीरामच्या दुकानाले लाव."

मोतीराम समोर ओट्यावर उभाच होता. त्यानं हात जोडले, इतक्या लांबूनही त्याचे दात दिसले. भगवंतरावांनी गादीवरचं हाताला लागेल ते पहिलं थान उचललं, नव्या कोऱ्या पांढऱ्या मांजरपाटाचं, आणि ओट्यावरून झोकात फेकलं. ते उलगडत उलगडत पायऱ्या उतरलं, दोन खांबांच्या मधून गेलं आणि दमणीच्या चाकाशी जाऊन थांबलं.

"या, बाई! रस्त्याले पाय लावाचं कामच नाई! पायघड्या घातल्या तुमच्यासाठी!"

पडदा किंचित हलला. आत कुजबुज झाली. पायघड्या म्हणजे वरमाईचा मान. तोही लग्नाच्या मांडवात. भर बाजारात, दुकानदारानं, बस्त्यालाच घातलेल्या पायघड्या तालुक्यात कोणी ऐकल्या नव्हत्या. रुक्मिणीबाई उतरल्या आणि सावकाश, चारचौघांना दिसेल अशा बेतानं चालत आल्या. मागून बाकीच्या नऊ जणी. जाणारे-येणारे थबकले. गाढवावर कपड्यांचे बोचके टाकून चाललेला उकंडा परीटही थबकला आणि थान तिरपं पडलंय हे न राहवून त्यानं ते ओढून सरळ केलं. हे काम त्याचंच होतं. गावातल्या प्रत्येक लग्नात पायघड्या तोच घालत असे.

संध्याकाळी बस्ता आटोपल्यावर उकंडा ओट्यापाशी आला. "मालक, पायघड्याईचा हक्क."

"कायचा हक्क?"

"खालचं कापड परटाचं राह्यते. रीत हाय."

"रीत मांडवात असते बे. हे दुकान हाय." भगवंतरावांनी मळलेलं थान त्याच्या अंगावर टाकलं. "धुऊन आन. खळ घाल, इस्त्री कर. धुलाईचे पैसे देतो. अन् हक्काचं मंग पाहू."

दोन दिवसांनी थान परत आलं, कडक आणि पांढरंशुभ्र. भगवंतरावांनी ते जुन्याच घड्यांवर घडी करून गठ्ठ्यात मधोमध सरकवलं. आठवड्याच्या आत ते नवं म्हणून विकलंही गेलं. फुकट तर काही गेलं नाही, अशी स्वतःची पाठ थोपटून ते जेवायला बसले.

बातमी निमगावच्या पुढे गेली. चांदूरचा बस्ता आला तो दाराशी गाड्या उभ्या करून स्वस्थ बसला. आतून कोणी उतरेना.

"काऊन, उतरत नाई मंडळी?"

"पायघड्या कुठी हायेत?" चांदूरचे नारायणराव मिशीवरून हात फिरवत म्हणाले. "निमगावच्या पाटलाले पायघड्या, अन् आमी काय लग्नात भांडे घासाले येतो?"

दुसरं थान गेलं. मग तिसऱ्या घराला तिसरं. एकदा धुतलेलं कापड दुसऱ्यांदा तुडवलं तर अंगचं कोरेपण जातं, म्हणून दर बस्त्याला नवं थान घालायचं, उकंड्याकडून धुऊन घ्यायचं आणि विकायचं, असा भगवंतरावांचा शिरस्ता पडला. आता पायघड्या घालायलाही उकंडाच येई आणि दरवेळी हक्क मागे. "मंग पाहू," भगवंतराव म्हणत. दहा बस्ते झाले, तरी 'मंग' काही आलं नाही.

मधल्या काळात जिवाला कंटाळून त्यांनी कचरूला बोलावलं होतं. मधले दोन खांब काढले की दमणी पहिल्यासारखी ओट्याला लागेल, पायघड्यांची कटकट मिटेल.

"निंघत नाई, मालक," एका खांबावर दोन तास घाव घालून कचरू म्हणाला. "प्रलय आला तरी हालाचा नाई, तुमीच म्हणले व्हते."

घाव ऐकून बाजारात आलेला वडनेरच्या देशमुखांचा माणूस धावत आला. "खबरदार! आमचा बस्ता व्हाचा हाय अजून. सगळ्याईले पायघड्या अन् आमच्या वक्ताले खांबच काढता काय?" देशमुखांचा बस्ता म्हणजे एका मांडवात तीन लग्नं. वर्षभराचं दुकान एका दिवसात. भगवंतरावांनी कचरूच्या हातातून घण काढून घेतला.

देशमुखांच्या तीन दमण्या आल्या तेव्हा अर्धा बाजार बघायला जमला होता. पुढच्या दमणीत झुंबरबाई होत्या, देशमुखांची मोठी बहीण, जिचं नाव काढलं की वडनेरात पंगतीला वाढायलासुद्धा माणसं घाबरत. भगवंतराव नवी टोपी घालून उभे होते. उकंड्यानं थान अंथरलं, सुरकुती काढली, आणि उठायच्या ऐवजी त्या थानावरच, बरोबर दोन खांबांच्या मध्ये, मांडी घालून बसला. दोन्ही बाजूंना लोखंड, मध्ये उकंडा. तिथून मांजर जायलाही जागा उरली नाही.

"उठ बे."

"हक्क द्या, उठतो. दहा वेळा घातल्या. एका वेळचा तरी द्या."

झुंबरबाईंनी पडदा सारला होता आणि एक पाय बाहेर काढला होता. हे ऐकून त्या हसल्या. परटानं अडवावं आणि यजमानानं त्याला खूश करावं हे त्यांनी मांडवात कितीदा पाहिलं होतं. उलट आपल्याला पुरता मान मिळतोय असंच त्यांना वाटलं. "देऊन टाका न, भगवंतराव. एका थानाचं काय घेऊन बसले? आमच्यासाठी थान जड झालं काय?"

तिथे "घे बाबा" म्हणून सुटता आलं असतं. दोन शब्दांचं काम. पण वीस वारांचं कोरं थान डोळ्यांदेखत गाढवावर जाणार, हे दिसलं आणि भगवंतरावांचा जीव कासावीस झाला. आयुष्यभर चिंधीही फुकट न सोडलेला माणूस भर बाजारात, मोठ्यानं बोलून गेला, "जड नाई, बाई, पन याले कसं देऊ? उद्या धुऊन, खळ घालून, घडी करून हे मले गिऱ्हाइकाले इकाचं हाय!"

बोलणं संपलं आणि आपण काय बोललो ते त्यांच्या कानांपर्यंत पोचलं.

"गिऱ्हाइकाले?" झुंबरबाईंचा पाय तसाच अधांतरी राहिला.

"नव्यावानी होते, बाई," उकंडा भाबडेपणानं म्हणाला. त्याला आपल्या कामाचा अभिमान होता. "मीच धुतो. निमगावच्या वक्ताले त शेण लागलं व्हतं, तरी डाग राह्यला नाई."

झुंबरबाई हिशेब करत होत्या. त्यांचा आवाज अगदी हळू आला, आणि ज्यांना त्यांची माहिती होती ते दोन पावलं मागे सरले. "माघात माह्या भाच्याचं लगन झालं. त्याचा अंतरपाट आमच्या माणसाईनं इथूनच नेला. मांजरपाटाचा. त्याच्या आधी इथी बस्ता कोनाचा व्हता?"

"निमगावचा!" गर्दीतून कडूबानं तत्परतेनं सांगितलं. "रुक्मिणीबाई चालल्या त्याच्यावरून. म्या या डोयानं पाह्यलं."

"म्हंजे निमगावकरनीच्या टाचेखालचं कापड," झुंबरबाई म्हणाल्या, "आमच्या नवरदेवाच्या तोंडापुढी धरलं? वरतून मंगलाष्टकं म्हनून?"

"बाई, धुतलेलं व्हतं..." भगवंतराव म्हणू लागले.

पाय आत गेला. पडदा पडला. तिन्ही दमण्या वळल्या आणि रस्ता ओलांडून मोतीरामच्या ओट्याला लागल्या. संध्याकाळपर्यंत त्या तिथेच होत्या, आणि भगवंतराव संध्याकाळपर्यंत त्या बघत होते.

दुसऱ्या दिवसापासून कापड परत यायला लागलं. चांदूरकरांना कळलं की त्यांनी नेलेल्या सदऱ्यांच्या कापडावरून आधी निमगावच्या बाया चालून गेल्या असतील. निमगावकरांना कळलं की त्यांचा तो तालुक्यात गाजलेला मान आठ दिवसांत वारावर मोजून विकला गेला. जो तो आपलं कापड नेऊन ओट्यावर आदळत होता; ज्यांच्या कापडाला कधी पायाची धूळ लागली नव्हती तेसुद्धा. गठ्ठा मोजायची भगवंतरावांना हिंमत झाली नाही. त्यांनी उकंड्याला बोलावणं धाडलं.

"घे. सगळं घे तुह्या हक्कात. मले पाहवत नाई हे."

उकंड्यानं गठ्ठ्याकडे पाहिलं, वरचं एक थान उचललं आणि काखेत मारलं. "एकच घेतो, मालक. सगळे नेले त लोक म्हनतीन, उकंड्यानं अडल्या माणसाले लुटलं." दोन पावलं जाऊन तो पुन्हा वळला. "हे बी आधी नदीवर नेऊन धुतो."

भगवंतरावांनी मग स्वतः जाऊन माफी मागायची ठरवली. आधी वडनेरला गेले, तिथे त्यांना ओसरीवर बसू दिलं पण पाणी विचारलं नाही. निमगावला पाणी विचारलं, पण रुक्मिणीबाईंनी आतूनच सांगितलं की त्या झोपल्या आहेत, आणि तेही इतक्या मोठ्यानं की झोपलेलं माणूस उठावं. परतीला कोणी गाडीत घेतलं नाही. मुंबई पाहिलेला हा एकमेव कापडव्यापारी तीन कोस पायी, धुळीनं गुडघ्यापर्यंत माखून, भर दुपारी बाजाररस्त्यानं आपल्या दुकानाशी आला आणि जागीच थांबला.

दुकानात चिटपाखरू नव्हतं. खांबांना बैलही नव्हते. भगवंतरावांच्या खांबाला बैल बांधायची आता लोकांना लाज वाटत होती. आणि रस्त्यापासून, दोन खांबांच्या मधून, पायऱ्या चढून थेट गादीपर्यंत पांढरा मांजरपाट अंथरलेला होता. एकावर एक तीन थानं. वर ओट्यावर अन्नपूर्णाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"हे काय चालवलं?" भगवंतराव ओरडले. "मळते न कापड!"

"मळू द्या. इकाचं त नाई आता," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "या. चांगले चालत या. तुमच्याबिगर कोन येते आता या दुकानात?"

समोरच्या ओट्यावर मोतीरामची चार गिऱ्हाइकं मापं सोडून बघत होती. भगवंतरावांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग त्यांनी जोडे काढून हातात घेतले, धोतर वर खोचलं आणि पायघड्यांवरून दुकानात गेले. कापड खराब होऊ नये म्हणून ते टाचा उचलून, बोटांवर चालत होते.